धुरपाची दोरी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते नक्की कुणालाच सांगता यायचं नाही. पण सावरघळच्या नदीवर तेव्हा पूल नव्हता, आणि पलीकडे जायचं तर माणसं लुगडी-धोतरं गुडघ्याच्या वर खोचून पाण्यातून जात, एवढं सगळेच सांगतात. गाव डोंगराच्या घडीत लपलेलं. नदी गावाला वळसा घालून जायची आणि त्या वळणावर काळ्या पाषाणाच्या सहा-सात शिळा पडलेल्या होत्या. त्या शिळांवर धुरपा परटीण गावाचे कपडे धुवायची.

तिचं खरं नाव द्रौपदी. पण एवढं मोठं नाव डोंगरात हाकेला चालत नाही. आईबापांनी धुरपदा केलं, सासरच्यांनी धुरपा केलं, आणि तेच राहिलं. नवरा सटवाजी, दोन गाढवं, आणि एकुलती एक लेक हौसा. सटवाजी घरोघर फिरून गाठोडी आणायचा, धुरपा धुवायची, हौसा पिळून वाळत घालायची. सुगीला गाव त्यांना धान्य घालायचं. चारचौघांसारखा संसार होता. त्यात काही नवल नव्हतं.

नवल होतं ते धुरपाच्या हातात.

वैद्य जशी नाडी बघतो तशी ती डाग बघायची. असं म्हणतात, की कापड हातात आलं की ती ते आधी उन्हाकडे धरायची, मग नाकाशी न्यायची, मग अंगठ्यानं चोळायची, आणि मग दोनच गोष्टी विचारायची.

"कशाचा? आणि कधीचा?"

उत्तर मिळालं की कामाला लागायची. रक्ताचा असला तर गार पाणी आणि मूठभर मीठ. तेलाचा असला तर वर जोंधळ्याचं पीठ दाबून ठेवायची. लोखंडाच्या गंजाला लिंबू नि मीठ, जांभळाला आंबट ताक. हळदीच्या डागाशी ती झटापट करायची नाही, नुसतं पाण्यातून काढून उन्हात पसरायची आणि म्हणायची, "ह्यो सूर्यदेव धुतो, मी न्हाई." केळीचा चीक लागलेलं कापड आलं की मात्र दोन्ही हात जोडायची. "ह्याच्यापुढं माझं काय चालत न्हाई बाबा. ह्यो कापडाबरोबरच जायचा."

लोकांना तिचं एकच जड जायचं. तिला खरं सांगावं लागायचं. एकदा एका बड्या शेतकऱ्यानं नव्या सदऱ्यावरचा लाल डाग दाखवून जांभळाचा म्हणून सांगितलं. धुरपानं सदरा नाकाशी नेला, त्या माणसाकडे पाहिलं, आणि शांतपणे विचारलं, "पौषात जांभूळ? कुठल्या झाडाचं, मालक?" घाटावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मग कळलं, की मालक शेजारच्या गावी तमाशाला जाऊन पान खाऊन आले होते. धुरपानं काताचा डाग काढून दिला आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. "खरं कळलं की डाग निम्मा गेलेला असतो," ती म्हणायची. "उरलेला निम्मा मी काढते."

असं म्हणतात, की तिनं वाळत घातलेली धोतरं इतकी पांढरी दिसायची, की डोंगरावरून येणारे बगळे आपलाच थवा समजून त्यांच्या शेजारी उतरायचे आणि कपडे हलायला लागले की दचकून उडायचे.

आता ऐका, ह्याच धुरपाच्या घरी काय झालं ते.

हौसा तेरा वर्षांची झाली. नदीपलीकडच्या गावात तिचं लग्न ठरलं, तिथी वैशाखातली निघाली. नवरात्राच्या सुमाराला तिला खोकला लागला. धुरपाला वाटलं, पोर दिवसभर पाण्यात उभी असते, पडसं झालं असेल. तिनं आल्याचा काढा करून दिला.

"बरं वाटतंय का गं?" ती विचारायची.

"व्हय आये. नुसता ठसका लागतोय," हौसा म्हणायची आणि तोंड फिरवायची.

त्याच सुमाराला हौसानं आणखी एक गोष्ट सुरू केली. स्वतःचे कपडे ती घाटावर नेईना. आई गाठोडी घेऊन नदीवर गेली की ही घरी चुलीवर पाणी तापवायची आणि आपलं आपण धुवायची. धुरपाला त्याचं कौतुकच वाटलं. सटवाजीला ती म्हणाली, "लेक शहाणी झाली. सासरी नाव काढील." आणि डोक्यावर गावाचं गाठोडं घेऊन ती नदीकडे गेली.

माघात एका सकाळी हौसा अंथरुणातून उठलीच नाही. वैद्य आले, त्यांनी नाडी धरली, पोरीचे डोळे पाहिले. तिसऱ्या दिवशी हौसा गेली.

बारावं झालं. पाहुणे आपापल्या गावी परतले. मग धुरपानं लेकीचं बोचकं सोडलं. वर लग्नाचं हिरवं लुगडं होतं, दोन चोळखण होते, काचेच्या मण्यांची माळ होती. आणि सगळ्यांत खाली, जुन्या परकराच्या तुकड्यात गुंडाळून, अकरा चिंध्या होत्या. स्वच्छ धुतलेल्या, घडी घातलेल्या. प्रत्येकीवर तपकिरी ठिपके होते.

धुरपाला कुणाला काही विचारावं लागलं नाही. कशाचा, ते तिला दिसलं. कधीचा, तेही दिसलं. हा दिवाळीच्या आधीचा. हा कार्तिकातला. हे तीन लागोपाठचे, मार्गशीर्षातले. हा मोठा संक्रांतीचा, त्या दिवशी हौसा तिळगूळ वाटायला गेली नव्हती, पाय दुखतोय म्हणाली होती. पोर चार महिने रक्त खोकत होती. लग्न मोडेल, आईला घोर लागेल, म्हणून तिनं ते चिंधीत टिपलं आणि चिंधी लपवली. डाग लवकर निघावा म्हणून कढत पाण्यात धुतली, आणि कढत पाण्यानं प्रत्येक डाग कापडात कायमचा बसला.

"गार पाणी घ्यायचं गं," धुरपा त्या चिंध्यांना म्हणाली. "रगताला गार पाणी. एवढं बी मी तुला शिकवलं न्हाई?"

असं म्हणतात, की त्या अकरा चिंध्या घेऊन ती नदीवर गेली आणि तीन दिवस तिथंच बसली. मीठ लावलं, लिंबू लावलं, ताक लावलं, राखेच्या खारात भिजवलं, उन्हात घातलं, पुन्हा भिजवलं. तळहातांची सालं निघाली. त्या तीन दिवसांत नदीनं आवाज केला नाही, असंही म्हणतात. पाणी वाहत होतं, पण दगडांवरून जाताना खळखळत नव्हतं. चौथ्या दिवशी सटवाजी येऊन तिच्या शेजारी पाण्यात उभा राहिला.

"धुरपे," तो म्हणाला, "साऱ्या गावाचं काढलंस. हे राहू दे."

ती उठली. चिंध्या वाळवून तिनं पुन्हा घडी घातल्या आणि घरी आणल्या. त्यानंतर त्या धुवायचा प्रयत्न तिनं कधी केला नाही.

पण धुरपा बदलली. आधी ती गाठोड्यात आलेले कपडे धुवायची. आता ती गाठोड्यात न आलेल्या कपड्यांचा विचार करायला लागली. कुणाच्या घरून काय येत नाही, कुणाचं लुगडं दोन आठवडे दिसलं नाही, कुणाच्या लेकराचं दुपटं घरच्या घरी धुतलं जातंय, हे ती मनात धरायची आणि त्या घरी जायची. पुढच्या दारानं नव्हे, परसदारानं.

परसात काय असायचं? गोठ्यामागं, शेणकुटांच्या ढिगाआड, कडब्याखाली, बायकांचे महिन्याचे कपडे वाळत असायचे. कुणाला दिसू नयेत म्हणून वर पोतं टाकलेलं. ऊन नाही, वारा नाही. अर्धवट वाळलेले, कुबट वास येणारे, तेच पुन्हा वापरायचे. त्यानं बायकांना फोड यायचे, ताप यायचा, आणि तेही त्या कुणाला सांगायच्या नाहीत. धुरपा पोतं उचलायची आणि म्हणायची, "बाई, गार पाण्यात मीठ घालून धू, आन उन्हात घाल. कडक उन्हात."

बाया तिच्यावर खेकसायच्या. "परटिणीनं परटिणीचं काम करावं. आमच्या परसात काय काम आहे तुझं?"

धुरपा पोतं परत ठेवून निघून जायची आणि आठ दिवसांनी पुन्हा यायची.

हळूहळू तिचं एकेक खरं ठरायला लागलं. सुताराच्या धोतराला मुंग्या लागलेल्या बघून तिनं त्याला वैद्याकडे पिटाळलं, तेव्हा त्याच्या लघवीतून साखर जातेय हे कळलं. एका तान्ह्याचं लंगोट नुसतं पिवळं नाही, हळदीसारखं पिवळं आहे, हे तिनं त्याच्या आईच्या आधी ओळखलं, आणि ते बाळ काविळीतून वाचलं. मग लोक म्हणायला लागले, धुरपा कापड हुंगून माणसाचा आजार सांगते.

आणि बिरू धनगराची गोष्ट तर अजून सगळे सांगतात. वैशाखात वळवाचा पाऊस कोसळला, नदीला एका घटकेत लोंढा आला आणि ओसरला. त्या दिवशी बिरू मेंढरांमागं गेला तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा पटका नदीच्या वळणावर एका मुळीला अडकलेला सापडला. बिरू वाहून गेला म्हणून घरात रडारड सुरू झाली. धुरपानं तो पटका शिळेवर पसरला आणि घडी न् घडी उलगडली.

"नदीचा गाळ काळा असतो," ती म्हणाली. "ह्याच्या आतल्या घडीत पांढरी माती हाय. आन ह्यो जांभळा डाग करवंदाचा, चिकासकट लागलाय, म्हंजे जाळीत घासला गेलाय. पांढरी माती आन करवंदीची जाळी एका जागी कुठं हाय?"

"भैरोबाच्या कड्याखाली," कुणीतरी म्हणालं.

माणसं धावली. कड्याखालच्या जाळीत, मोडलेल्या पायानं, बिरू पडलेला होता. तो जिवंत होता. वाऱ्यानं त्याचा पटका उडवून ओढ्यात टाकला होता आणि ओढ्यानं नदीत. असं म्हणतात, की बिरूला झोळीत घालून आणलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा विचारलं, "माझा पटका धुतला न्हाई ना कुणी?" तेव्हापासून सावरघळमध्ये धुरपावर कुणी खेकसलं नाही. पण परसातली पोती तशीच राहिली. कुणी बघेल ही भीती गेली नव्हती, फक्त धुरपाविषयी आदर वाढला होता.

मग एका वर्षी पाटलांच्या घरी नवी सून आली. तिचं नाव अनशा. सोळा-सतरा वर्षांची, घाटाखालच्या गावची, कमी बोलणारी. दिवाळीनंतर तिला दिवस गेले, आणि पाटलीण सुभद्राबाईंनी आनंदानं साऱ्या आळीत गूळ वाटला.

फाल्गुन उजाडला. धुरपाच्या ध्यानात आलं, की पाटलांच्या गाठोड्यात सगळ्यांचे कपडे येतात, सुनेचं मात्र एकही येत नाही. एक आठवडा गेला. दुसरा गेला. मग एके दिवशी पाणवठ्यावर अनशा दिसली. पोरीचा चेहरा कणकेसारखा पांढरा पडला होता, आणि घागर डोक्यावर घेताना तिनं क्षणभर दगडाचा आधार घेतला. हे धुरपानं एकदा पाहिलं होतं, आणि पाहूनही पाहिलं नव्हतं.

ती तशीच पाटलांच्या घरी गेली.

"पाटलीणबाई, सूनबाईंचं लुगडं येत न्हाई धुवायला."

"आमची सून आपलं आपण धुते," सुभद्राबाई म्हणाल्या. "आईची शिकवण चांगली आहे."

धुरपा म्हणाली, "माझ्या हौसाला बी मी असंच म्हनले व्हते."

सुभद्राबाईंचा चेहरा उतरला, पण लगेच त्या ताठ झाल्या. "धुरपे, तुझं दुःख मला कळतं. पण माझ्या घरात अभद्र बोलू नकोस. पोर दोन जिवांची आहे. जा आता."

दाराआड अनशा उभी होती. धुरपानं तिच्याकडे पाहिलं. पोरीनं मान हलवली. सांगू नका, असं ती म्हणत होती.

धुरपा घरी आली. विचारून पोर बोलणार नाही, हे तिला कळलं. ओरडून बोलणार नाही, पोतं उचलून तर नाहीच. डाग असेल तिथं तो दाखवायची लाज असते, आणि ती लाज असली की जगातलं मीठ आणि जगातलं गार पाणी काही कामाचं नाही. मग ती बराच वेळ हौसाच्या बोचक्यापाशी बसली, आणि तिनं काय करायचं ते ठरवलं.

सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर धुरपा घाटावरची कपडे वाळवायची दोरी घेऊन गावात आली. बारा हात दोरी. तिचं एक टोक तिनं चावडीपुढच्या नांद्रुकीच्या झाडाला बांधलं. रस्ता ओलांडून दुसरं टोक पाटलांच्या दारातल्या लिंबाला बांधलं. आणि त्या दोरीवर, भर रस्त्यात, साऱ्या गावासमोर तिनं एकेक करून अकरा चिंध्या वाळत घातल्या.

माणसं थांबली. बैलगाडी थांबली. पाटील बाहेर आले.

"हे काय मांडलंयस धुरपे, गावाच्या रस्त्यावर?"

"माझ्या लेकीचं रगत हाय, पाटील." तिचा आवाज मोठा नव्हता, पण गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला. "अकरा डाग. तिनं माझ्यापासून लपवले. साऱ्या गावाचे डाग मी बघितले, ह्यातला एक बी मला दिसला न्हाई. आता सगळ्यांनी बघा. लाज असंल तर ती माझी हाय. तिची न्हाई."

पाटलांनी वर पाहिलं, चिंध्या मोजल्यासारख्या पाहिल्या, आणि मान खाली घातली. गाडीवान गाडीवरून उतरून उभा राहिला. बराच वेळ झाला, तरी एकही बाई पुढं आली नाही. धुरपाला वाटलं, आपण हौसाला उगाच उघड्यावर आणलं. ती पहिली चिंधी काढायला वळली.

तेवढ्यात पाटलांच्या गोठ्याकडून अनशा आली. हातात ओलं फडकं होतं, पाणी ठिबकत होतं. सगळ्यांच्या देखत ती दोरीपाशी आली आणि तिनं ते हौसाच्या चिंध्यांच्या शेजारी वाळत घातलं.

"मावशी," ती म्हणाली, "गार पाण्यातच धुतलं. मीठ बी टाकलं. डाग जातोय. पर रोज नवीन लागतोय."

"किती दिस झाले, बाळा?"

"अमुशेपासनं."

सुभद्राबाई उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या. त्यांनी फडकं पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "मला का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही माघारी धाडाल म्हणून," अनशा म्हणाली.

सुभद्राबाई उंबऱ्यावरच खाली बसल्या. पाटलीण उंबऱ्यावर बसलेली गावानं कधी पाहिली नव्हती. त्या आपल्याशीच बोलल्यासारखं बोलल्या, पण सगळ्यांनी ऐकलं. "माझी तीन गेली. अशीच. तिन्ही वेळा मी गोठ्यात बसून धुतलं आणि संध्याकाळी भाकरी थापल्या. कुणाला म्हणून सांगितलं नाही." तीस वर्षांत पाटलांनाही हे ठाऊक नव्हतं.

मग सुभद्राबाई उठल्या. त्यांनी अनशाचा हात धरला. "चल आत. आजपासून घागर उचलायची नाही, जात्यावर बसायचं नाही. नुसती पडून राहा." आणि धुरपाला म्हणाल्या, "तू पण आत ये. मला काय कळत नाही ते सांग."

पुढं जे झालं ते गाव आजही हात जोडून सांगतं. आधी सुताराची बायको आली. तिनं परसातल्या पोत्याखालचं काढून आणलं आणि दोरीवर घातलं. मग धनगराघरची आली. मग एक म्हातारी, मग तिच्या दोन सुना, मग सगळ्या आळ्यांतल्या. काही जणी रडत होत्या, काही जणींना हसू आवरत नव्हतं. दोरी बारा हातांची. पण असं म्हणतात, की बाई आली की दोरी हातभर वाढायची, कुणी म्हणून माघारी गेली नाही. नांद्रुकीपासून लिंबापर्यंत बांधलेली दोरी दुपारपर्यंत आळीला वळसा घालून नदीच्या शिळांपर्यंत जाऊन पोचली. आणि सूर्य, असं म्हणतात, नांद्रुकीच्या शेंड्यावर येऊन थांबला आणि शेवटचं कापड खडखडीत वाळेपर्यंत हलला नाही.

हौसाच्या चिंध्यांचं काय झालं, याविषयी मात्र दोन मतं आहेत. काही जण सांगतात, की त्या उन्हात त्यांच्यावरचे अकरा डाग उडून गेले. आमची आजी तसं सांगायची नाही. ती सांगायची, की दिवस कलल्यावर धुरपानं चिंध्या काढल्या तेव्हा त्या होत्या तशाच तपकिरी होत्या. तिनं त्या पाहिल्या, घडी घातल्या आणि घरी नेल्या. पण त्या दिवशी, कितीतरी वर्षांनी, ती पोटभर जेवली. सटवाजीनं तिच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, आणि तिनं तीही खाल्ली.

अनशा पाच महिने अंथरुणावर पडून राहिली. वैद्य यायचे, सुईण यायची, धुरपा रोज यायची आणि रोजचं फडकं उन्हाकडे धरून बघायची. हळूहळू डाग फिका झाला, मग आठवड्यातून एकदा दिसायला लागला, मग बंद झाला. श्रावणात पोरीला मुलगी झाली. सव्वा महिन्यानं बाळाचं पहिलं गाठोडं घाटावर आलं, ते सटवाजीनं आणलं नव्हतं. पाटलीण सुभद्राबाई स्वतः डोक्यावरून घेऊन आल्या, धुरपाच्या शेजारच्या शिळेवर बसल्या, आणि नातीची लंगोटं त्यांनी आपल्या हातानं धुतली. त्यांना पिळता येत नव्हतं. धुरपानं शिकवलं.

धुरपा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. नदीच्या अलीकडच्या-पलीकडच्या बाया तिच्याकडे येत. कुणी कापड घेऊन येई, कुणी नुसतीच येई आणि तिच्या शेजारी पाण्यात पाय सोडून बसे. म्हातारपणी तिला दिसेनासं झालं, तरी अंगठ्यानं चोळून ती डाग ओळखायची. एका उन्हाळ्यात, भर दुपारी, दोरीखाली खाट टाकून ती पडली होती. वर साऱ्या गावाचे कपडे हलत होते आणि त्यांची सावली तिच्या अंगावरून सरकत होती. त्या सावलीतच ती गेली. असं म्हणतात, की तिच्यासाठी नवं कापड आणायला कुणी गेलंच नाही. घराघरातून एकेक धुतलेला तुकडा आला, बायांनी बसून ते जोडले, आणि त्या शिवलेल्या चादरीत तिला नेलं.

आता सावरघळच्या नदीवर पूल आहे. घरोघरी नळ आहेत, पाच-सहा घरांत कपडे धुवायचं मशीनही आलं आहे. पण होळी झाली, की पहिल्या सोमवारी गावातल्या बाया अंबाडीच्या वाखाची नवी दोरी वळतात. त्या वर्षी गावात जी सून नवी आली असेल तिच्या हातून पहिली गाठ मारतात, आणि दोरी नांद्रुकीपासून लिंबापर्यंत, रस्त्यावरून आडवी बांधतात. तिला धुरपाची दोरी म्हणतात. गावात पोर मोठी झाली की तिचे कपडे परसात जात नाहीत, आईबरोबर इथं येतात, उन्हात. आरोग्य केंद्रातली बाई महिन्यातून एकदा येते ती दोरीशेजारीच खुर्ची टाकून बसते. सावरघळमध्ये तिला घरोघरी फिरून विचारावं लागत नाही.

सकाळी साडेदहाची एसटी त्याच रस्त्यानं येते. दोरी आडवी असली की ड्रायव्हर गाडी थांबवतो आणि हॉर्न वाजवत नाही. कुठलीतरी बाई लांब बांबू घेऊन येते, बांबूच्या टोकानं दोरी वर उचलून धरते, आणि गाडी हळूहळू खालून जाते. टपावर ओल्या कपड्यांचं पाणी ठिबकतं. नवा प्रवासी कधी खिडकीतून बाहेर बघून काहीतरी बोलायला जातो, तेव्हा कंडक्टर त्याला म्हणतो, "गप बसा राव, धुरपाचं गाव आहे." गाडी पुढं गेली की बाई बांबू काढून घेते, दोरी खाली येते, आणि कपडे वाळत राहतात.